थर्टी-थर्टी फक्त आठवणींवर जगते का?

अमेरिकेतल्या शिकारी बंदुकांविषयी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांमध्ये एक दावा वर्षानुवर्षे फिरतो आहे, आणि हल्ली मराठी हौशी मंडळीही तो जसाच्या तसा पुढे पाठवताना दिसतात. दावा असा की, थर्टी-थर्टी विंचेस्टर (.३०-३०) हे काडतूस काळ्या दारूच्या (म्हणजे भरपूर धूर करणाऱ्या जुन्या बारुदाच्या) जमान्यातले आहे, हरणासाठीही त्याची ताकद तोकडी पडते, त्याची बोथट गोळी हा मागासलेपणाचा पुरावा आहे आणि आजही ते खपते ते केवळ काउबॉयच्या आकर्षणामुळे. पेनसिल्व्हेनियात हरणांच्या हंगामात अनेकदा जंगलात उभा राहिलेला माणूस म्हणून मला ही विधाने एकेक करून तपासावीशी वाटतात. (तिथली शिकार परवान्याने, ठरलेल्या दिवसांत आणि ठरलेल्या संख्येतच होते, आपल्याकडच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौकटीतून तिच्याकडे पाहू नये.)

पहिले विधान काळ्या दारूचे. ही चूक नावामुळे होते. .४५-७० या नावातले ७० म्हणजे सत्तर ग्रेन (वजनाचे एक अगदी छोटे माप) काळी दारू, म्हणून .३०-३० मधले दुसरे तीसही काळ्या दारूचेच असणार, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ते तीस ग्रेन धूररहित दारूचे आहेत. १८९५ मध्ये हे काडतूस बाजारात आले तेव्हा धूररहित दारूवरच बेतलेले, लहान व्यासाचे, शिकारीसाठीचे ते पहिले अमेरिकी काडतूस होते. ज्या बंदुकीसाठी ते आले ती जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली विंचेस्टर कंपनीची मॉडेल १८९४ (पुढे नुसती मॉडेल ९४) आदल्या वर्षी .३२-४० आणि .३८-५५ या काळ्या दारूच्या काडतुसांसाठी निघाली होती, परंतु नव्या दारूचा दाब सोसणारी निकेलयुक्त पोलादाची नळी हाती आल्यावरच थर्टी-थर्टीला तिच्यात जागा मिळाली. म्हणजे ज्याला जुन्या युगाचा अवशेष म्हटले जाते, ते खरे तर नव्या युगाचे पहिले पाऊल होते. शिवाय .३०-०६ हे काडतूस १९०६ चे, म्हणजे थर्टी-थर्टीहून जेमतेम अकरा वर्षांनी धाकटे, आणि त्याला मात्र कोणी कालबाह्य म्हणत नाही.

काउबॉयचे म्हणणे तर तारखांपुढेच टिकत नाही. पश्चिमेकडे सरकणारी वसाहतींची सीमारेषा आता उरली नाही, असे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेनेच नोंदवले होते, आणि ही बंदूक त्यानंतर चार वर्षांनी आली. चित्रपटांनी ती कितीतरी आधीच्या माणसांच्या हाती दिली, हा दोष चित्रपटांचा. ती खरोखर ज्यांच्या हाती होती ती माणसे वेगळीच होती. १९१० नंतरच्या मेक्सिकन क्रांतीत ‘त्रेइंता-त्रेइंता’ (स्पॅनिशमध्ये थर्टी-थर्टी) हा शब्द इतका घरोघरी पोहोचला की १९२८ मध्ये तिथल्या बंडखोर चित्रकारांच्या एका गटाने तेच आकडे स्वतःचे नाव म्हणून घेतले. पहिल्या महायुद्धात विमानांसाठी लागणारे स्प्रूसचे लाकूड तोडणाऱ्या अमेरिकी तुकड्यांना याच काडतुसाच्या विंचेस्टर दिल्या गेल्या, तर दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या स्थानिक रेंजर्सनाही थर्टी-थर्टीच मिळाली. रानात वावरणाऱ्या माणसाला झेपेल, पेलेल असे हत्यार हवे होते, आणि ते हे होते.

आता ताकदीविषयी, कारण खरा वाद इथेच आहे. १५० ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे २,३९० फूट वेगाने सुटते, १७० ग्रेनची सुमारे २,२०० फूट वेगाने. त्याच १५० ग्रेनच्या गोळीला .३०-०६ सुमारे २,९०० फुटांचा वेग देते, हे मान्यच आहे. परंतु ताकद कशासाठी आणि किती अंतरावर, हा प्रश्न टीकाकार विचारतच नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात वर हेमलॉकची झाडे आणि खाली माउंटन लॉरेलची अशी जाळी असते की पन्नास पावलांवरचे हरीण कान हलवल्याशिवाय दिसत नाही. बंदूक १०० यार्डांवर बिनचूक लावून ठेवली तर २०० यार्डांवर गोळी साधारण आठ इंच खाली जाते, आणि १०० यार्डांवर तीन इंच वर लावली तर २०० यार्डांपर्यंत ती हरणाच्या काळीज-फुप्फुसांच्या जागेबाहेर पडत नाही. त्या जंगलात २०० यार्डांपलीकडे बार टाकण्याची वेळ माझ्यावर तरी कधी आली नाही.

दुसरी बाजू धक्क्याची. खांद्याला बसणारा धक्का सारख्या वजनाच्या बंदुकीत .३०-०६ च्या जवळजवळ निम्मा असतो. ज्याला धक्क्याची धास्ती असते तो चाप ओढताना डोळे मिटतो, आणि डोळे मिटून सोडलेल्या गोळीत कितीही ताकद असली तरी ती जनावराला जखमी करून सोडते. सराव करणारा माणूस न धसकता वीस बार टाकू शकतो, हे आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही, पण हंगामाच्या पहिल्या सकाळी दिसते. माझ्या शेजाऱ्यांकडे वडिलांकडून आलेली मॉडेल ९४ आहे. तिच्या बाजूला बोल्टचा दांडा नाही, खाली बाहेर आलेले मॅगझिन नाही, वजन तीन किलोच्या आसपास, त्यामुळे ती नेमकी तोलाच्या जागी एका हाताच्या मुठीत बसते. दोन पिढ्यांच्या तळहातांनी तेवढ्याच जागेवरचा निळा-काळा मुलामा झिजवून पोलाद चांदीसारखे उघडे केले आहे. शोभेसाठी भिंतीवर टांगलेल्या बंदुकीवर अशी झीज पडत नाही.

बोथट गोळीचे कारण सरळ आहे. नळीखालच्या लांब मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक बसतात आणि मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे आघाताने पेट घेणाऱ्या बुडाच्या भागाला, टेकते. तिथे टोकदार गोळी ठेवली तर धक्क्याने मॅगझिनमध्येच स्फोट होऊ शकतो. बोथट टोक हवेत लवकर मंदावते हे खरे, पण ते सुरक्षिततेसाठी जाणूनबुजून दिलेले मोल आहे. गेल्या वीसेक वर्षांत हॉर्नडी कंपनीच्या मऊ, लवचीक टोकाच्या गोळ्यांनी त्या मोलाचाही बराच भाग परत मिळवून दिला आहे.

राहिली बाजाराची गोष्ट. २००६ मध्ये विंचेस्टर बंदुकांचा न्यू हेवनचा कारखाना बंद पडला तेव्हा अनेकांनी थर्टी-थर्टीचे मृत्युलेख लिहिले. पुढे मॉडेल ९४ जपानमधल्या मिरोकू कंपनीकडे तयार होऊ लागली. २०२० मध्ये रुगर या बंदूक कंपनीने मार्लिन ही दुसरी कंपनी विकत घेतली आणि थर्टी-थर्टीतली मार्लिन ३३६ पुन्हा बाजारात आणली. काही राज्यांत हरणासाठी सरळ भिंतीचेच, म्हणजे तोंडाशी अरुंद मान नसलेले, काडतूस वापरावे लागते. तिथल्या शिकाऱ्यांसाठी रेमिंग्टनने २०२३ मध्ये .३६० बकहॅमर हे काडतूस काढले, आणि त्यासाठी पाया म्हणून निवडले ते थर्टी-थर्टीचेच धातूचे कवच. ज्यात केवळ आठवणींचे मोल आहे, त्यावर कोणी नव्या उत्पादनाचा पाया घालत नाही.

दाव्यात तथ्य आहे ते एवढेच की, उघड्या माळरानावर, तीनशे यार्डांवर, जिथे गोळी दोन-अडीच फूट खाली गेलेली असते, तिथे हे काडतूस नेऊ नये. मीही नेणार नाही. आणि आमच्या बाजूच्या मंडळींनीही एक वाक्य सोडून द्यावे. ‘अमेरिकेत सर्वांत जास्त हरणे थर्टी-थर्टीनेच मारली’ असे ते छातीठोकपणे सांगतात, परंतु कोणते हरीण कोणत्या काडतुसाने पडले याची सव्वाशे वर्षांची मोजदाद कोणीही ठेवलेली नाही. सत्तर लाखांहून अधिक मॉडेल ९४ बनल्या, त्यांतल्या बहुसंख्य याच काडतुसाच्या, एवढे सांगता येते, आणि तेवढेच सांगावे.