खो-खो बंद करू नका, दादा

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. राग नाही आला, पोरीची काळजी आहे म्हणूनच लिहिलंय ते कळतंय. तुमचं म्हणणं असं की अभ्यासाबरोबर ॲक्टिव्हिटी करा हे सांगणं पुण्या-मुंबईच्या पैसेवाल्यांना ठीक, आपल्या सांगलीच्या पोरांना मार्कच तारणार, म्हणून अकरावीला जाताच तुम्ही तिचा खो-खो बंद केला.

यातलं अर्धं बरोबर आहे आणि ते मी लेखातच स्पष्ट लिहायला हवं होतं. जेईई, सीईटीला रँकच बघतात. आयआयटी मद्रासनं २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक बीटेक कोर्सला २ जादा जागा ठेवल्यात, पण तिथंही जेईई ॲडव्हान्स्डच्या रँक लिस्टमध्ये नाव लागतंच.

मी लिहिलं होतं ते अमेरिकेतल्या कॉलेजांबद्दल, कारण तुमच्या पोरीसारखी बरीच मुलं आता तिकडचं विचारतात. तिथंही अभ्यास पहिला. तुमच्या शाळेत जे विषय मिळत होते त्यातले अवघड घेतले का, हे ते शाळेलाच विचारतात, त्यामुळं स्टेट बोर्ड आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. मग येतात ॲक्टिव्हिटी. कॉमन ॲपवर, म्हणजे तिकडच्या बऱ्याच कॉलेजांसाठी एकच असलेल्या ऑनलाइन फॉर्मवर, जास्तीत जास्त १० भरता येतात, प्रत्येकीची माहिती १५० अक्षरांत, सोबत आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे. १० भरल्याच पाहिजेत असं कुठंही नाही, पण आपल्याकडं सगळी धावपळ त्या रकान्यांसाठीच चालते आणि पोरं झोपेविना राहतात.

तासगावकडचा एक मुलगा माझ्याकडं हाच फॉर्म भरायला आला होता, हातात सर्टिफिकेटांची जाडजूड फाईल, बहुतेक दोन-दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सची. म्हटलं, बाळा, शाळा सुटल्यावर करतोस काय? तर म्हणाला, काही नाही मॅडम, द्राक्षबागेतच असतो. ऑक्टोबर छाटणीनंतर घरच्यांबरोबर डिपिंग, म्हणजे औषधाच्या मगात एकेक घड बुडवत ओळच्या ओळ पुढं सरकायचं, आणि फवारणीची वही गेली तीन वर्षं यानंच लिहिलेली, कुठलं औषध, कुठली तारीख, काढणीला किती दिवस राहिले, सगळं. आता हे "काही नाही" कसं? त्या फॉर्ममध्ये घरची जबाबदारी हा वेगळा प्रकारच दिलाय! आम्ही बसून तास मोजले, बागेला पहिला नंबर दिला, फाईलमधलं बहुतेक सगळं वगळलं. त्या कोर्सेसवर जाणारे रविवार त्यानं गणिताला दिले.

म्हणून म्हणते, नवीन काही लावू नका, पण आहे ते तोडू पण नका. पाचवीपासून खेळतेय म्हणता ना ती? मग आठवड्याला तीन संध्याकाळी ठेवा, परीक्षेच्या महिन्यात एक. कॅप्टन होती का, लहान मुलींना शिकवते का, तेवढं तिला विचारून इथंच लिहा, मग पुढचं बघू.