‘रडगाणं’ म्हणणाऱ्या वकीलसाहेबांना

मागच्या आठवड्यात मी ‘ताबा आईकडे, सही बाबांची’ हा लेख लिहिला. घटस्फोटानंतर लेकीचा ताबा माझ्याकडे असूनही तिच्या शाळेच्या दाखल्यासाठी तिच्या बाबांची सही कशी मागितली गेली, हे त्यात होतं. त्याखाली आलेली ही प्रतिक्रिया ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी जशीच्या तशी देते:

“ताई, लेख वाचला. कायदा अर्धवट वाचून रडगाणं गाण्यात अर्थ नसतो. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ सालीच आईला बापाच्या बरोबरीचं पालकत्व दिलंय, ते तुमच्या गावीही नाही. कायदाही १९५५ चा नाही, १९५६ चा आहे. आणि महिन्यातून दोन शनिवार कोर्टात लेकराला भेटणाऱ्या बापाबद्दल एक ओळ लिहावीशी वाटली नाही? – एक वकील, ठाणे.”

वकीलसाहेब, जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. १९५५ चा तो हिंदू विवाह कायदा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांचा पालक कोण हे सांगणारा कायदा, १९५६ चा. माझी चूक झाली, लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘रडगाणं’. तुमची सुरुवात ‘ताई’नं होते आणि पुढच्याच वाक्यात मी रडगाणं गाते. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला नाही. नाशिकला कौटुंबिक न्यायालयाच्या बाहेरच्या बाकड्यावर ऐकलाय, नातेवाइकांच्या लग्नात पंगतीला ऐकलाय. बाईनं आपली अडचण तारखेसकट, कागदासकट सांगितली तरी ते रडगाणं, आणि तीच अडचण कुणी काळा कोट घालून मांडली की ते म्हणणं. लेखात मी रडले कुठे ते दाखवा. कोणत्या कागदावर काय लिहिलं होतं आणि काय लिहिलेलं नव्हतं, एवढंच त्यात आहे.

आणि कायदा वाचण्याचं म्हणाल, तर कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ चं कलम १३ तुम्हाला माहीत असणारच. या न्यायालयात वकिलामार्फतच बाजू मांडण्याचा हक्क पक्षकाराला नाही. माणसांनी आपलं म्हणणं आपल्या तोंडानं सांगावं, अशीच या न्यायालयाची रचना आहे. मग ज्या कायद्यानं माझ्या घराचा निकाल लागला, तो मी वाचला तर त्यात अर्धवट काय आणि पूर्ण काय, हे ठरवणारे तुम्ही कोण?

ज्या १९९९ च्या निकालाच्या जोरावर तुम्ही मला गप्प करू पाहता, तो गीता हरिहरन विरुद्ध रिझर्व्ह बँक. माझ्या गावी तो चांगलाच आहे. मुलाच्या नावानं रिलीफ बाँड (बचतीचे सरकारी रोखे) घ्यायचे, पालक म्हणून आई सही करील, असं नवरा-बायकोनं मिळून ठरवलं होतं. बापाची काही हरकत नव्हती. तरी बँकेनं अर्ज परत पाठवला: वडिलांची सही आणा, नाहीतर पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा. १९५६ च्या कायद्याच्या कलम ६ मध्ये अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक ‘पिता, आणि त्याच्यानंतर माता’ असं लिहिलंय, त्याचा हा परिणाम. न्यायालयानं ते कलम रद्द केलं नाही. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे बाप गेल्यावरच असं नाही, बापाच्या ‘अनुपस्थितीत’ असाही अर्थ घ्यावा, असं सांगितलं. बाप मुलाकडे लक्षच देत नसेल, दूर असेल, आजारानं असमर्थ असेल किंवा दोघांनी आपसांत तसं ठरवलं असेल, तर आई पालक.

याला बरोबरी म्हणतात? बरोबरीत एकाला दुसऱ्याची गैरहजेरी सिद्ध करावी लागत नाही. आणि ही वाटही १९९९ ला पहिल्यांदा निघाली असं नाही. १९७० साली जिजाबाई गजरे यांच्या, विदर्भातल्या शेतजमिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच केलं होतं. बाप हयात, पण वर्षानुवर्षं वेगळा राहणारा, मुलीच्या कारभारात लक्ष न घालणारा. म्हणून आई नैसर्गिक पालक. म्हणजे बाप वाऱ्यावर सोडून गेला असेल तर आईला जागा आहे, हे तेव्हापासूनच ठरलेलं आहे. प्रश्न त्या आईचा आहे जिच्या मुलाचा बाप आहेही आणि नाहीही.

१९९९ ला सगळं मिटलं असतं, तर विधी आयोगानं, म्हणजे कायद्यात काय बदल हवेत हे सरकारला सुचवणाऱ्या आयोगानं, मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात कलम ६ मधलं बापाचं अग्रस्थान काढा, अशी शिफारस पुन्हा कशाला केली असती? ‘पुन्हा’ अशासाठी, की १९८९ च्या १३३ व्या अहवालातही तेच सांगितलं होतं. कलमातले शब्द आजही तेच आहेत. मी अर्धवट वाचलं म्हणता, तर हे दोन अहवाल तुम्ही कोणत्या बाजूनं वाचलेत?

आता तुम्हाला रडगाणं वाटलेला प्रसंग. पूर्ण सांगते, कारण लेखात मी आवरतं घेतलं होतं.

माझी लेक चौथी पास झाली आणि नोकरीमुळे आम्ही नाशिकहून पुण्याला आलो. जुन्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. खिडकीवर गेले. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, त्यात कोर्टाच्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल. खिडकीतल्या गृहस्थांनी ती शांतपणे वाचली, अगदी शेवटपर्यंत. त्यांनी अपमान केला नाही, खोटं कशाला सांगू. ‘मुलीचा ताबा अर्जदार आईकडे राहील’ या ओळीवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, ताबा आहे. पण ह्यात शाळेचं कुठंय? वडिलांचं नाव रजिस्टरला आहे, त्यांची सही लागेल.”

तिच्या बाबांनी सहीला नकार दिला नव्हता. त्यांनी फोन उचलला नव्हता. मेसेजवर दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. आता तुमचा १९९९ चा निकाल इथं लावून दाखवा. हा बाप उदासीन की अनुपस्थित, हे दाखल्याच्या खिडकीवर मी कुणाला पटवून देऊ? त्या गृहस्थांनी त्यावर निवाडा करायचा? मधल्या सुट्टीत?

शेवटी कोर्टात अर्ज टाकला. नव्या शाळेत तिला तात्पुरतं बसू दिलं, पण हजेरीपटावर तिचं नाव शेवटी, पेन्सिलीनं लिहिलेलं. बाई हजेरी घेताना थांबायच्या आणि पान उलटून तिचं नाव वेगळं घ्यायच्या. हे मला तिनंच एका रात्री सांगितलं, पाठ करून बसलेली कविता म्हणून झाल्यावर. अडीच महिने ते नाव पेन्सिलीनं होतं. हे रडगाणं असेल तर असू द्या.

आणि लेखाचा मुद्दा, जो तुम्ही शिवलाच नाहीत, तो हा की यात न्यायाधीशांचा दोष नव्हता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये अज्ञान मुलांचा ताबा, पोटगी आणि शिक्षण असे तिन्ही शब्द आहेत. शिक्षणाबद्दल आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाला आहेच. आमच्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य करून कोर्टात दिलेल्या लेखी अटींत, कुणी तो मागितला नव्हता. पोटगीच्या आकड्यावर चार तारखा गेल्या. अ‍ॅक्सेसचे (मुलीला भेटण्याचे) शनिवार, दिवाळीचे दिवस, उन्हाळ्याची सुट्टी, सगळं घासून घासून ठरलं. शाळा कोण बदलणार, ऑपरेशनला हो कोण म्हणणार, पासपोर्टच्या अर्जाचं काय, यावर माझ्या वकिलांनी एक वाक्य घातलं नाही. मला ते सुचलं नाही, कारण मी पहिल्यांदाच घटस्फोट घेत होते. त्यांच्या टेबलावर मात्र अशा पन्नास फाइली होत्या. दुसऱ्या वेळी अर्ज केला तेव्हा त्याच कलमाखाली, एका परिच्छेदाचा आदेश मिळाला. तो परिच्छेद आधीच असता तर अडीच महिने वाचले असते.

म्हणून लेखात मी बायकांना, आणि पुरुषांनाही, एवढंच सांगितलं होतं: सही करण्याआधी ‘ताबा’ या शब्दावर समाधान मानू नका. शाळा, दवाखाना, पासपोर्ट, बँक, एकेक नाव घेऊन लिहून घ्या. दोघांनी मिळून ठरवायचं असेल तर तसं लिहा, आणि एकानं ठरावीक दिवसांत उत्तर दिलं नाही तर काय, हेही लिहा.

भेटीच्या शनिवारांबद्दल म्हणाल, तर तो वेगळा विषय आहे, या लेखाचा तो नव्हता. कोर्टातल्या त्या खोलीतली खेळणी मीही पाहिली आहेत. त्यावर कधीतरी लिहीन, पण कुणी टोमणा मारला म्हणून नाही.

तुमच्या प्रतिक्रियेवर काही वाचकांनी लिहिलं, की आता राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव सक्तीचं झालंय, मग अडचण कुठे? त्यांनाही सांगते: नाव छापून आलं याचा मला आनंदच आहे. पण सहीचा अधिकार नावातून येत नाही, आदेशातून येतो.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. ‘रडगाणं’ हा शब्दही तसाच राहील. एक विचारते, वकीलसाहेब. आज तुमच्या ठाण्याच्या ऑफिसात आपसी घटस्फोटाच्या ज्या फाइली आहेत, त्यांतली कुठलीही एक उघडा. मुलाचा शाळेचा दाखला कोण काढणार, हे कन्सेंट टर्म्समध्ये लिहिलंय का? असेल तर ते वाक्य इथं टाका, वाचकांना उपयोगी पडेल. नसेल तर तुमच्या अशिलाला आजच फोन करा. आणि पुढच्या वेळी उत्तर नावानिशी द्या.