धारावी कुणाची जहागीर नाही

"धारावीत 40 वर्षं एकच घर निवडून येतंय. आधी बाप, मग मुलगी, आता दुसरी मुलगी. मत कुणालाही द्या, आमदार ठरलेलाच." काँग्रेसच्या गायकवाड घराण्यावरचा हा लांबलचक मेसेज माझ्याकडे तीनदा आला आणि तीनदा मी तो डिलीट केला. पुढे त्यात वर्षा गायकवाडांना "शिक्षण नाही" आणि शिक्षणमंत्री असताना त्यांनी "मनाला येईल तशा" परीक्षा रद्द केल्या, असंही होतं. परवा धारावीतच, नव्वद फुटी रस्त्यावर ताईकडे गेलो, तर भाच्यानेच तो वाचून दाखवला. त्याचं पहिलं मतदार ओळखपत्र टीव्हीमागे पडलंय, पोस्टाचं पाकीटसुद्धा फोडलेलं नाही. "मामा, ठरलेलंच आहे तर रांगेत कशाला उभं राहू?" हे ऐकल्यावर मात्र गप्प बसवेना.

सगळ्यात खोटं आहे ते "40 वर्षं एकच घर". निवडणूक आयोगाचे जुने निकाल कुणालाही बघता येतात. एकनाथ गायकवाड इथून 1985 आणि 1990 ला निवडून आले. 1995 ला याच धारावीने शिवसेनेचे बाबूराव माने विधानसभेत पाठवले. पाच वर्षं आमदारकी गायकवाडांच्या घरात नव्हती! 1999 ला एकनाथराव परत आले, तेही मतं मिळवून. पुढे 2014 आणि 2019 ला लोकसभेला दक्षिण-मध्य मुंबईत राहुल शेवाळेंनी त्यांना दोनदा हरवलं. तो मतदारसंघ मोठा, धारावी त्यातला एक भाग, हे मान्य. पण त्याच दोन वर्षी विधानसभेला धारावीतून त्यांची मुलगी वर्षा गायकवाड निवडून आल्या. नुसत्या आडनावावर भागत असतं तर बाप पडून मुलगी निवडून आली नसती.

आता जे खरं आहे ते. 2004 ला एकनाथराव मनोहर जोशींना हरवून लोकसभेत गेले आणि काही महिन्यांत विधानसभेचं तिकीट मुलीला मिळालं. 2024 ला वर्षाताई उज्ज्वल निकम यांना 16,514 मतांनी हरवून खासदार झाल्या आणि धारावीचं तिकीट बहिणीला, ज्योती गायकवाडांना. हे मला अजिबात आवडत नाही. एवढ्या मोठ्या वस्तीत पक्षाला घराबाहेरचा एक कार्यकर्ता सापडू नये? पण तिकीट पक्ष देतो, मत आपण देतो. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकी इथेच गल्लत केलीय, आणि ती वीस वर्षांच्या पोराला घरी बसवते.

"शिक्षण नाही" म्हणे. वर्षा गायकवाड गणितात एमएस्सी, वर बीएड. राजकारणात येण्याआधी सिद्धार्थ कॉलेजात शिकवत होत्या. विषय संपला.

मेसेजमधला शेवटचा मुद्दा, शिक्षणमंत्री असताना त्यांनी "मनाला येईल तशा" परीक्षा रद्द केल्या. एप्रिल 2021 आठवा, कोरोनाची दुसरी लाट. सीबीएसईने 14 तारखेला दहावी रद्द केली, राज्याने त्यानंतर आठवड्याभरात. उच्च न्यायालयाने सरकारला यावरून धारेवर धरलं होतं, तेही खरं. निर्णय चुकला असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही. पण मनाला येईल तसा? त्याच महिन्याच्या 28 तारखेला एकनाथराव स्वतः कोरोनाने गेले. भाचा त्याच दहावीच्या बॅचचा. निकालाच्या दिवशी तो पेढे न वाटता आत जाऊन झोपला होता, त्यामुळे हा मुद्दा त्याला सगळ्यात जास्त लागला.

1995 चा निकाल त्याला मोबाइलवर काढून दाखवला. त्याने दोनदा वाचला, मग उठून पाकीट फोडलं. कार्डावर नावातला काना चुकलाय. दुरुस्तीचा फॉर्म 8 भरायला रविवारी परत जातोय.