चकती बनवा, तपासू नका

विंडोजची अपडेट्स घातलेली चकती बनवणाऱ्यानं ती तपासायच्या भानगडीत पडू नये. तो मान गिऱ्हाइकाच्या मशीनचा. तुम्ही रात्र जागून विंडोज 7 च्या इन्स्टॉल.विम फायलीत (चकतीवरचं अख्खं विंडोज, म्हणजे त्याची 'इमेज', हिच्यातच असते) अपडेट्स कोंबलीत ना? झालं तर मग. मार्कर घ्या आणि डीव्हीडीवर ठसठशीत लिहा, 'फुल अपडेटेड'. 'फुल'खाली दोन रेघा ओढा. एवढा पुरावा आपल्याकडे पुष्कळ झाला.

अपडेट्स घालताना मात्र एक पथ्य पाळा: कमांड लिहायच्या काळ्या खिडकीकडे बघू नका. डिझम नावाची ती कमांड एकेक पॅकेज घेते, '=' अशा चिन्हांची रेघ डावीकडून उजवीकडे सरकत 100 टक्क्यांवर जाते आणि मनाला फार बरं वाटतं. अधूनमधून त्या रेघेखाली 0x800f081e असं काहीतरी उमटतं. 'हे पॅकेज या इमेजला लागू नाही' असा त्याचा अर्थ. तो वाचत बसलात तर कळेल की मायक्रोसॉफ्टनं मे 2016 मध्ये काढलेला तो भलाथोरला रोलअप (अनेक अपडेट्सचं एकच गाठोडं), केबी3125574 क्रमांकाचा, आधी एप्रिल 2015 चं केबी3020369 आत असल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. कशाला हवाय हा मनस्ताप? सगळ्या कमांड एकामागून एक चालवणाऱ्या बॅच फायलीत घाला, शेवटी खिडकी उघडी ठेवणारं 'पॉझ' लिहू नका आणि चहाला जा. परत येईपर्यंत खिडकी आपोआप मिटलेली असते आणि चूक तिच्याबरोबर गेलेली असते.

इंडेक्सच्या नादाला तर मुळीच लागू नका. 64-बिट विंडोज 7 च्या एकाच विम फायलीत होम बेसिक, होम प्रीमियम, प्रोफेशनल आणि अल्टिमेट अशा चार आवृत्त्या 1 ते 4 क्रमांकांनी नांदत असतात आणि अपडेट्स प्रत्येकीला वेगळी द्यावी लागतात. तुम्ही इंटरनेटवरून कमांड उचलली, तिच्यात इंडेक्स 1 होता, तोच राहू द्या. अपडेट्स होम बेसिकला मिळतील, गिऱ्हाइकाच्या मशीनवर तुम्ही अल्टिमेट टाकाल. (होम बेसिक मागणारं गिऱ्हाईक कुणी पाहिलंय का? पण अपडेट्स तिचीच चोख.)

काम आटोपल्यावर उघडलेली इमेज बंद (अनमाउंट) करताना डिझमला सांगावं लागतं, कमिट (बदल जपून ठेव) की डिस्कार्ड (बदल टाकून दे)? डिस्कार्ड निवडा. ते लवकर उरकतं. रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि दोन्ही शब्द इंग्रजीच.

तरीही एखादा शंकेखोर मित्र 'गेली का रे आत?' असं विचारेलच. चुकून कमिट झालं असेल तर त्याला फायलीचा आकार दाखवा. आधीपेक्षा फुगलीय म्हणजे आत काहीतरी गेलंच असणार. कमिट केल्यावर जुना माल आतच पडून राहतो, नव्या फायलीत एक्सपोर्ट केल्याशिवाय निघत नाही, म्हणून विम नुसत्या उलाढालीनंही फुगते, हे त्याला सांगू नका. फारच खोदून विचारायला लागला तर चेकसम, म्हणजे फायलीवरून काढलेला तिचा ठसा, काढून द्या. चौसष्ट अक्षरांची ती माळ बघून भले भले गप्प होतात. कॉपी करताना फाईल बिघडली नाही, एवढंच ती सांगते. अपडेट्सशिवायची फाईलही तशीच न बिघडता कॉपी होते.

काही आगाऊ लोक इमेज पुन्हा उघडून (माउंट करून) डिझमची गेट-पॅकेजेस ही कमांड चालवतात. यादी येते, प्रत्येक केबी क्रमांकासमोर त्याची स्थिती. बाहेरून घातलेल्या अपडेट्ससमोर बहुधा 'इन्स्टॉल पेंडिंग' दिसतं, कारण खरी बसणी मशीन पहिल्यांदा सुरू होताना होते. तलाठ्याकडे फेरफाराचा अर्ज दिल्यासारखं: अर्ज पोचला, नोंद व्हायची आहे. म्हणून हे लोक यादीवरही थांबत नाहीत. व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आतला नकली कॉम्प्युटर) काढतात, तिचं नेटवर्क बंद करतात, त्यात चकतीवरून विंडोज टाकतात आणि मग बघतात. नेटवर्क बंद का, तर चकतीतून आलेलं कुठलं आणि इंटरनेटवरून उतरलेलं कुठलं, यात गल्लत होऊ नये म्हणून. तुम्ही याच्या बरोब्बर उलट करा. केबल लावून ठेवा. रात्रभरात जे काही उतरेल त्याचं श्रेय सकाळी चकतीला द्या.

आणि बघायचंच असेल तर चुकीच्या जागी बघा. चकतीतून आलेली अपडेट्स कंट्रोल पॅनेलच्या 'इन्स्टॉल्ड अपडेट्स' यादीत दिसतात. 'अपडेट हिस्टरी' मात्र कोरी असते, कारण विंडोज अपडेटनं स्वतः केलेल्या कामाचीच ती वही. तुम्ही हिस्टरीच उघडा. ती कोरी बघून घाबरा, सगळी अपडेट्स पुन्हा घाला. अशानं निदान हात तरी बसतो.

राहता राहिलं वॉनाक्राय, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं व्हायरससारखं प्रकरण. 12 मे 2017 ला ते जगभर पसरलं आणि सर्वाधिक बळी विंडोज 7 च्याच मशीनचे गेले. ते ज्या भोकातून शिरत होतं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं त्याआधी दोन महिने, मार्चमध्ये दिलं होतं. म्हणजे 2016 चा रोलअप अगदी शास्त्रशुद्ध घातलेल्या चकतीतही ते नव्हतं. पण डीव्हीडीवर 'फुल अपडेटेड' लिहिताना तारीख टाकायची पद्धत आपल्याकडे नाही, त्यामुळे ती चकती 2017 तही फुलच होती. विंडोज 7 चा आधार जानेवारी 2020 मध्ये संपला. तीच चकती अजून कुठल्यातरी पॅथॉलॉजी लॅबच्या जुन्या मशीनसाठी ड्रॉवरमधून निघते आणि अजूनही फुलच असते.

एवढं करूनही एखादं गिऱ्हाईक तुमच्यासमोरच सिस्टम32 मधलं ड्रायव्हर्स फोल्डर उघडेल, फाईल-शेअरिंगच्या एसआरव्ही.सिस फायलीवर राइट क्लिक करून तिची आवृत्ती बघेल आणि आकडा 6.1.7601.23689 किंवा त्यापुढचा आहे का, ते जुळवेल. मार्च 2017 चं अपडेट खरंच बसलंय की नाही, हे त्याला अर्ध्या मिनिटात कळतं. मार्करच्या अक्षराकडे तो बघतही नाही. अशा माणसाकडून पैसे आधीच घेऊन ठेवावेत.