शीटचा नंबर बोटानं मोजू नका, तो फॉरवर्ड चुकीचा आहे

बेळगाव-खानापूरकडच्या अकाउंटवाल्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड परत परत येतोय. त्यात लिहिलंय की एक्सेलच्या फाईलमध्ये शीट कितवी आहे ते टॅबच्या नावातल्या नंबरवरून कळतं, नाव बदललं असेल तर डावीकडून मोजायचं, याला फॉर्म्युला नाही म्हणून मॅक्रो (म्हणजे एक्सेलकडून काम करून घेणारा छोटा प्रोग्रॅम) लागतोच, आणि मॅक्रोनं दिलेला नंबर कुठंही चालतो. आपल्याकडं सोसायटीचे, डेअरीचे हिशेब याच फाईलींवर चालतात आणि नवीन पोरं हे वाचून तसंच करायला लागलीत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

नावातला नंबर म्हणजे जागा नव्हे. शीट3 हे नाव एक्सेलनं शीट तयार करताना दिलेलं असतं, तुम्ही ती ओढून सगळ्यात पुढं नेली तरी नाव तेच राहतं, मधली एखादी डिलीट केली तरी बाकीच्यांची नावं हलत नाहीत. यात आणखी बोलण्यासारखं काही नाही.

डावीकडून मोजायचं म्हणतात, त्यात खरा घोटाळा होतो. समजा दूध कलेक्शनची फाईल आहे, पहिली शीट रेटची, ती कुणी हात लावू नये म्हणून हाईड करून ठेवलीय, मग हिंडलगा, सुळगा, उचगाव, कडोली. डोळ्याला उचगाव तिसरी दिसते पण एक्सेलच्या लेखी ती चौथी, कारण हाईड केलेली शीटपण मोजली जाते, चार्टची वेगळी शीट असेल तर तीपण. आता तिसरी शीट म्हणून कुणी मॅक्रोत 3 टाकला तर उचगावचं दूध सुळग्यात जमा होणार बघा की!

फॉर्म्युला नाही म्हणणं तर साफ खोटं. एक्सेल 2013 पासून शीट नावाचंच फंक्शन आहे, लिब्रेऑफिसमध्येपण आहे. सेलमध्ये =शीट() टाका, म्हणजे स्पेलिंग इंग्रजी अक्षरात आणि कंस मोकळा, ज्या शीटवर आहात तिचा नंबर मिळतो. दुसऱ्या शीटचा पाहिजे तर कंसात नाव डबल कोटमध्ये, =शीट("उचगाव"), मराठी नाव चालतं, कन्नडपण चालतं. फक्त टॅबवर आहे तसंच्या तसं पाहिजे, नावामागं एक स्पेस राहिली तरी एन-ए एरर येते आणि माणूस तासभर शोधत बसतो. एकूण शीट किती हे पाहिजे असेल तर शीट्स, शेवटी एस लावून.

इथं एक गोष्ट नीट बघा, कारण बरेच जण इथंच अडकतात आणि मग फॉर्म्युला चालत नाही म्हणून सांगत फिरतात. गावांची यादी ए कॉलममध्ये आहे आणि तुम्ही =शीट(ए2) लिहिलं तर ए2 मधल्या गावाच्या शीटचा नंबर येत नाही, ए2 हा सेल ज्या शीटवर आहे तिचा येतो, खाली ओढलं की सगळीकडं तोच आकडा. सेलच्या पत्त्याऐवजी मजकूर द्यायला पाहिजे, म्हणून =शीट(ए2&"") असं लिहा, मग गावागणिक बरोबर नंबर येतात.

मॅक्रोचा नंबर कुठंही चालतो हेपण खरं नाही. मॅक्रोत शीटचा नंबर इंडेक्स या शब्दानं मिळतो, आणि तो जो आकडा देतो तो सगळ्या शीट धरून, चार्टशीटसकट. तो मॅक्रोतल्या शीट्स या यादीत (वरचं फंक्शन नव्हे) वापरला तर बरोबर, वर्कशीट्स या यादीत वापरला तर चार्टशीट मोजलीच जात नाही, त्यामुळं मध्ये एक चार्टशीट असली की पुढं सगळं एकानं सरकतं. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून ओपनपायएक्सेल या लायब्ररीनं फाईल वाचत असाल तर तिथं पहिली शीट 0 धरतात, एक्सेलचा 4 तिथं 3.

आणि ज्यांच्या ऑफिसात अजून एक्सेल 2010 आहे त्यांनापण फाईलमध्ये मॅक्रो ठेवायची गरज नाही. ऑल्ट एफ11 दाबा, मग कंट्रोल जी, खाली इमिजिएट विंडो उघडते, त्यात प्रश्नचिन्ह टाकून ॲक्टिव्हशीट डॉट इंडेक्स लिहा आणि एंटर मारा, समोर उघडी असलेल्या शीटचा नंबर लगेच येतो आणि फाईल साध्या फॉरमॅटमध्येच राहते.