‘जगातला सर्वात वजनदार किडा’ : फॉरवर्डमधलं खरं किती, हवेतलं किती

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड परवा तिसऱ्यांदा आला. हातावर धरलेल्या लांबलचक काडीकिड्याचा फोटो आणि खाली मजकूर : ‘ऑस्ट्रेलियात सापडला जगातला सर्वात मोठा आणि सर्वात वजनदार कीटक! उडून अंगावर येतो, शेपटीला विषारी नांगी. यांच्यात नर नसतात, मादी एकटीच पिल्लं घालते. पाय तुटला तर त्या पायातून नवा किडा तयार होतो!’ त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर आलं, ‘नवीन काही नाही हो, जुन्याच किड्याला नवं नाव देऊन पेपरात फोटो छापून आणायचे.’ फॉरवर्ड चुकीचा आहेच, पण काकांचं म्हणणंही चुकीचं आहे. आधी फॉरवर्ड घेतो, मग काकांकडे वळतो.

मूळ बातमी मात्र खरी आहे. जुलै २०२५ मध्ये अँगस एमॉट आणि रॉस कुपलंड या दोघांनी ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात काडीकिड्याच्या एका नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं अ‍ॅक्रोफिला आल्टा. लॅटिनमध्ये आल्टा म्हणजे उंच. हा प्राणी क्वीन्सलँडच्या उत्तरेतल्या अ‍ॅथर्टन पठारावर, ९०० मीटरहून अधिक उंचीवरच्या थंड, ओल्या पर्जन्यवनात राहतो, आणि तिथेही झाडांच्या शेंड्यांवर. त्यामुळे वादळाने किंवा एखाद्या पक्ष्याने खाली पाडल्याशिवाय तो फारसा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. लांबी सुमारे ४० सेंटीमीटर, वजन ४४ ग्रॅम. आपल्याकडच्या गावठी कोंबडीचं अंडं साधारण एवढ्याच वजनाचं भरतं.

म्हणजे हा जगातला सर्वात वजनदार कीटक झाला का? शोधणाऱ्यांनी स्वतः तसं म्हटलेलं नाही. ऑस्ट्रेलियातला सर्वात वजनदार असावा, एवढंच ते म्हणाले. त्या देशातलं बिळात राहणारं महाकाय झुरळ तिशी-पस्तिशीच्या ग्रॅमात मोडतं, त्याच्या पुढे हा गेला. शेजारच्या न्यूझीलंडमधल्या वेटाच्या (हा रातकिड्यांच्या नात्यातला एक मोठा किडा) एका मादीचं वजन ७१ ग्रॅम नोंदलेलं आहे. आफ्रिकेतल्या गोलायथ भुंग्याची अळी तर १०० ग्रॅमपर्यंत जाते. वेटाची ती मादी अंड्यांनी भरलेली होती हेही लक्षात घ्यायला हवं, कारण गाभण मादीचं वजन हा विक्रम मोडायचा जुना मार्ग आहे. काडीकिड्याच्या मादीचं पोटही अंड्यांनीच फुगतं.

‘सर्वात मोठा’ लांबीच्या हिशेबाने म्हटलं असेल तर तेही बसत नाही. चीनमधल्या एका काडीकिड्याची नोंद ६४ सेंटीमीटरची आहे. शिवाय यात मापाची एक गंमत असते. बोर्निओतल्या ज्या काडीकिड्याचं वर्णन २००८ साली झालं, तो ताणलेल्या पायांसकट ५६.७ सेंटीमीटर भरतो आणि नुसतं धड मोजलं तर ३५.७. बातमीत ‘लांबी’ वाचली की टेप कुठून कुठवर लावला ते आधी विचारावं.

‘उडून अंगावर येतो’ हे कुणीतरी पंख पाहून ठोकून दिलेलं दिसतं. पंख आहेत, पण मादीचं जड शरीर उचलायला ते पुरत नाहीत. काडीकिड्यांत पुढची पंखजोडी आखूड, चामड्यासारखी असते. मागच्या जोडीची फक्त बाहेरची कड टणक आणि अंगाच्या रंगाची, उरलेला पातळ पडदा त्या कडेखाली जपानी पंख्यासारखा घडी घालून ठेवलेला. पंख मिटलेले असताना वरून कडच दिसते, म्हणून किडा काडीच वाटतो.

नांगीचं काय? पोटाच्या टोकाला दोन चपटे अवयव असतात, अ‍ॅक्रोफिला कुळीत (म्हणजे जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटात) ते चांगले लांब आणि पानासारखे दिसतात, आणि मादीत खालच्या बाजूला होडीच्या आकाराचं एक झाकण असतं. अंडं बाहेर येताना त्यात टेकतं आणि तिथून खाली सोडलं किंवा भिरकावलं जातं. कुणाला ही होडी नांगीसारखी वाटली असेल, पण काडीकिड्यांना नांगी नसते. जबडा पानं कुरतडण्यापुरता. काही जाती डिवचल्यावर झोंबणारा द्रव उडवतात हे खरं, अमेरिकेतल्या फ्लोरिडात अशी एक आहे, पण ती ग्रंथी डोक्यामागे असते, शेपटीला नाही.

पाय आणि नवा किडा या वाक्यात एक खरी गोष्ट उलटी टांगली आहे. शत्रूने पाय पकडला तर काडीकिडा तो मांडीच्या बुडाशी ठरलेल्या जागी तोडून पळतो, आणि अजून कात टाकायची बाकी असेल तर पुढच्या कातींबरोबर तिथे नवा पाय फुटतो. तो थोडा आखूड राहतो. पूर्ण वाढलेल्या किड्याला कात नाही, म्हणून नवा पायही नाही. तुटलेला पाय मात्र नुसता वाळतो.

पायांचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. आंबोलीला पावसात रात्री टॉर्च घेऊन फिरताना कारवीवर एक काडीकिडा दिसला होता. पुढचे दोन पाय सरळ समोर ताणलेले, दोन्ही जोडून एकच काटकी झालेली, आणि डोकं काही सापडेना. भिंग लावल्यावर कळलं की मांड्या बुडाशी आतल्या बाजूला वळलेल्या आहेत, आणि दोन मांड्या जुळल्या की मध्ये जो खळगा होतो त्यात डोकं चपखल बसलंय. चौकटीत सांधा बसवावा तसं. त्यामागचा वक्षाचा पहिला भाग आखूड, दुसरा आणि तिसरा ओढून लांब केलेला. म्हणून पुढचे पाय डोक्यापाशी आणि मधली जोडी पार दूर. ‘काडी’ दिसते ती मुख्यतः या लांबवलेल्या वक्षामुळे. ही ठेवण बहुतेक सगळ्या काडीकिड्यांची आहे, त्यामुळे दोन जाती वेगळ्या ओळखायला ती फारशी उपयोगाची नाही.

इथे काकांचा आक्षेप येतो. याच अ‍ॅक्रोफिला कुळीत टायटन नावाचा मोठा काडीकिडा १८२६ पासून माहीत आहे. मग सापडलेली मादी म्हणजे खाऊन-पिऊन सुटलेला टायटनच कशावरून नाही? नुसता आकार पाहिला तर शंका रास्त आहे. पण निकाल लावला अंड्याने.

काडीकिड्याचं अंडं एखाद्या बीसारखं दिसतं. एरंडाची बी आठवा : टणक, नक्षीदार कवच आणि टोकाला तो मऊ पांढरट गाठोळा. कित्येक काडीकिड्यांच्या अंड्यावर अगदी तसाच गाठोळा असतो, आणि कामही तेच. मुंग्या त्यासाठी अंडं वारुळात ओढून नेतात, गाठोळा खातात, अंडं तसंच टाकून देतात. तिथे परजीवी गांधीलमाश्यांपासून ते सुरक्षित राहतं. अंड्याच्या एका टोकाला गोल टोपण असतं, पिल्लू ते ढकलून बाहेर येतं. एका अंगाला एक चकती असते आणि तिच्यात सुईच्या अग्राहून बारीक छिद्र, नराचं बीज आत जाण्यासाठी. टोपणाचा आकार, चकतीची ठेवण, कवचावरचे खड्डे आणि रेषा या सगळ्यांची जुळणी प्रत्येक जातीत आपापली असते. अंगाचा रंग पानांप्रमाणे बदलेल, लांबी खाण्यावर कमी-जास्त होईल, पण अंड्याच्या कवचाचा साचा सहसा बदलत नाही. म्हणून अभ्यासक मादी हाती लागली की आधी तिच्या अंड्यांची वाट पाहतात. अ‍ॅथर्टनच्या मादीची अंडी टायटनशी जुळली नाहीत, आणि कुळीतल्या दुसऱ्या कुठल्या माहीत जातीशीही नाहीत. नुसतं नाव बदलायचं असतं तर एवढी वाट पाहायची गरज नव्हती.

ही जात एवढी मोठी का झाली, यावर शोधकांचा अंदाज असा की उंचावरच्या थंड, ओल्या हवेत जाड अंगाला टिकून राहणं सोपं जात असावं. हा अंदाज आहे, सिद्धान्त नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या हाती लागला असता तर त्याचंही शीर्षक झालं असतं.

राहिला शेवटचा मुद्दा, ‘नर नसतात’. यातली गफलत मला सर्वात मजेशीर वाटते. वर्णन झालं तेव्हा या जातीचा नर सापडलेला नव्हता, एवढंच खरं आहे. काडीकिड्यांत नराशिवाय अंडी फळणाऱ्या जाती आहेत. जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जाणारा, मूळ आपल्या तमिळनाडूच्या डोंगरांतला काडीकिडा बहुतेक वेळा माद्यांवरच पिढ्या काढतो. पण त्यावरून ऑस्ट्रेलियातल्या या जातीत नर नाहीतच असं ठरत नाही. या कुळीतले नर मादीहून खूप बारीक असतात, लहान असतात, नीट उडतात, आणि दिसायला इतके निराळे की एकाच जातीच्या नराला आणि मादीला पूर्वी वेगवेगळ्या कुळींत टाकलं गेल्याचे प्रकार घडलेत. खात्री पटायची तर नर मादीबरोबर जुगलेला सापडायला हवा, किंवा तिच्या अंड्यांतून वाढवायला हवा. तोवर शेंड्यावर रात्री टॉर्च मारत बसायचं. आणि कदाचित तो आधीच एखाद्या संग्रहालयाच्या खणात टाचणीला लावलेला असेल, खाली भलत्याच नावाची चिठ्ठी.