गोव्याची मोटर, कोल्हापूरची विहीर

गेला महिनाभर एक मेसेज पेठेतल्या, तालमीच्या, दूध संस्थेच्या, अगदी आमच्या मेव्हण्याच्या साखरपुड्यासाठी काढलेल्या ग्रुपवरसुद्धा फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: कोल्हापूरला कॅसिनो द्या. गोवा त्याच्यावरच श्रीमंत झाला. आपली पोरं नाहीतरी शनिवारी गाडी काढून पणजीला जातातच, तो पैसा इथंच राहील. हजारोंना नोकऱ्या मिळतील, मटका आणि त्याच्यापायी चालणारा हप्ता आपोआप बंद पडेल, सिंगापूरनंही हेच केलं. ज्याचा पैसा तो उडवेल, बाकीच्यांनी पोटात का दुखवून घ्यावं? शिवाय द्यूत आपल्या परंपरेतच आहे. सरकारनं फक्त १९७६ चा कायदा लागू करायचा. खाली "नाद खुळा" आणि आगीची तीन चिन्हं.

मी एका पतसंस्थेत १९ वर्षं वसुलीचं काम केलं. त्यामुळं हा मेसेज वाचून मला आगीची चिन्हं दिसली नाहीत, थकबाकीची यादी दिसली.

कायद्याचं आधी उरकतो. महाराष्ट्रात कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा १९७६ मध्ये झाला हे खरं, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. जो कायदाच उरला नाही तो लागू काय करणार? आज इथं चालतो तो १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा. समजा, उद्या सरकारनं नवा कायदा केलाच, तरी पहिला परवाना कोल्हापूरला मिळेल ही खात्री या लोकांना कुठून आली कोण जाणे. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच मिळायला आपल्याला चाळीस वर्षांहून जास्त भांडावं लागलं, ते ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं.

आता मुख्य मुद्दा, गोवा. गोव्यानं १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी दिली, १९९६ मध्ये कायद्यात बदल करून जहाजांवर पत्त्यांची आणि रूलेची (आकड्यांच्या फिरत्या चाकाची) टेबलं आणली. आज मांडवीत सहा जहाजं उभी आहेत. सरकारला परवाना शुल्काचे कोट्यवधी रुपये मिळतात, हेही खरं. पण मेसेज लिहिणाऱ्यानं एक गोष्ट गाळली आहे. गोव्यानं स्वतःच्या माणसांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी घातली आहे. तरतूद २०१२ मध्येच झाली होती, अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०२० पासून जाहीर झाली. बंदी किती कडक पाळली जाते हा वेगळा विषय. पण जे सरकार त्या शुल्कावर पैसे मिळवतं, तेच आपल्या लोकांना सांगतं की बाबांनो, तुम्ही आत जाऊ नका. सिक्कीमनं हेच केलं, नेपाळनंही. हॉटेलवाला स्वतःच्या पोरांना घरून डबा देत असेल, तर गिऱ्हाइकानं काय समजायचं?

शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. गोव्याची मोटर पाणी उपसते ते खरं, पण तिचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं टोक, आपल्या विहिरीत आहे. आपल्या, बेळगावच्या, पुण्या-मुंबईच्या, हैदराबादच्या. हरणाऱ्याचं घर दुसऱ्या राज्यात असतं. कर्ज तिथं थकतं, दागिना तिथं मोडतो, बायको तिथं माहेरी जाते. गोव्याच्या हिशेबात फक्त जमेची बाजू येते. ती मोटर इथं आणून बसवलीत तर फुटव्हॉल्व्ह कुठं टाकणार? मुंबईचा माणूस समुद्र सोडून जुगारासाठी कोल्हापूरला येणार नाही. येतील ते इचलकरंजीचे, सांगलीचे, कागलचे, निपाणीचे. अंबाबाईचा भाविक सकाळी येतो, दर्शन घेतो, मिसळ खातो, चप्पल घेतो आणि पार्किंगला शिव्या घालत संध्याकाळी जोतिबा करून परत जातो. त्याला मुक्कामाला थांबवायचं असेल तर आधी ते पार्किंग बघा.

आणि आपल्याकडचा पैसा कसा येतो तेही लक्षात घ्या. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी जमा होतं. उसाचं बिल हंगामात एकरकमी येतं, आणि त्याच्यावर वर्षभराचं सगळं ठरलेलं असतं: सोसायटी, खत, पोरीची फी, भिशी, गेल्या साली गहाण टाकलेलं मंगळसूत्र सोडवणं. ते बिल खात्यावर पडल्यावर पहिले चार दिवस फार नाजूक असतात. वसुलीला आम्ही त्याच चार दिवसांत बाहेर पडायचो, कारण पाचव्या दिवशी खातं मोकळं झालेलं असायचं. आता त्या चार दिवसांत अर्ध्या तासाच्या अंतरावर दिवे लावलेला हॉल आहे अशी कल्पना करा.

"पोरं नाहीतरी जातातच" याचं उत्तर यातच आहे. जातात, पण घाट उतरून, गाडी ठरवून, मुक्कामाचा खर्च काढून, वर्षातून एकदा-दोनदा. लांब आहे म्हणून तर बरं आहे. अमेरिकेत सरकारनेच नेमलेल्या जुगारविषयक आयोगासाठी १९९९ मध्ये पाहणी झाली. कॅसिनोपासून ५० मैलांच्या आत राहणाऱ्यांत जुगाराची विकृत सवय जडलेल्यांचं प्रमाण लांब राहणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर. कोल्हापूरभोवती तेवढं वर्तुळ काढलं तर सांगली, मिरज, इचलकरंजी, निपाणी सगळी आत येतात आणि कराडही.

आता मटक्याबद्दल. इथं मला एक कबूल करावं लागेल, नाहीतर आकडेमोडीतला कुणीतरी मला धरेलच. एका डावापुरतं बघितलं तर कॅसिनो मटक्यापेक्षा प्रामाणिक आहे. मटक्यात दोन आकड्यांच्या शंभर जोड्या असतात आणि लागली तर साधारण नव्वदपट मिळतात, म्हणजे शंभरातले दहा बुकीचे. रूलेच्या युरोपियन चाकावर ३७ घरं असतात, १ ते ३६ आणि शून्य. प्रत्येक घरावर एक रुपया लावला तर ३७ जातात, ३६ परत येतात. शंभराला २ रुपये ७० पैसे. किती कमी, नाही का? पण मटक्याचा बाजार दिवसातून एकदा ओपन होतो, एकदा क्लोज होतो. मधल्या वेळात माणूस कामाला जातो. चाक तासाला चाळीस वेळा फिरलं आणि पाचशे रुपयांचा डाव धरला, तर पाच तासांत दोनशे डाव, एक लाखाची उलाढाल आणि सरासरी २,७०० रुपयांचा खड्डा. तोही एका रात्रीचा. त्यात कुणाला तरी वीस हजार लागतात, आणि व्हिडिओ त्याचाच फिरतो.

आणि मटका बंद होणार कसा? राज्याची अधिकृत लॉटरी १९६९ पासून आहे, मटका तिच्या शेजारीच वाढला. गोव्यात कॅसिनो आहेत आणि मटकाही आहे. दोघांचं गिऱ्हाईकच वेगळं. दहा रुपयांची चिठ्ठी, टपरीवर, उधारीवर. हे गिऱ्हाईक प्रवेशाचेच हजारो रुपये घेणाऱ्या दारात जात नाही. मटक्यापायी हप्ता चालतो, हे मेसेजमधलं म्हणणं मला मान्य आहे. पण त्यावर उपाय म्हणून दुसरा जुगार उघडायचा, हे डोकं माझ्या पलीकडचं आहे.

नोकऱ्या मिळतील. पत्ते वाटणारे, वेटर, पहारेकरी, स्वयंपाकी. पण गिऱ्हाईक इथलंच असेल, तर हॉलमध्ये गेलेले ते २,७०० रुपये महाद्वार रोडच्या बाजारात, गुजरीतल्या सराफाकडे किंवा टायरच्या दुकानात गेले नाहीत, एवढंच. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीत १९७६ च्या राज्यभरातल्या मतदानानंतर कॅसिनो आले, पहिला १९७८ मध्ये उघडला. शेजारच्या राज्यांत कॅसिनो नव्हते तोवर चाललं. ती राज्यं जागी झाल्यावर, २०१४ या एका वर्षात बारांपैकी चार बंद पडले आणि सुमारे आठ हजार लोक घरी बसले. इथं निघाला तर बेळगाव गप्प बसेल का? कराचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे. त्यातला निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. महापालिकेच्या खड्ड्यात त्यातला थेट किती पडेल याचा ज्यानं त्यानं विचार करावा.

सिंगापूरचं उदाहरण मात्र चांगलं आहे, फक्त पूर्ण सांगा. तिथं २०१० मध्ये दोन कॅसिनो उघडले आणि पर्यटन वाढलं. पण तिथल्या नागरिकाला दारातच दिवसाचे १०० सिंगापुरी डॉलर भरावे लागत, २०१९ पासून १५० झाले. नवऱ्याला आत घेऊ नका, असा अर्ज घरचे करू शकतात. दक्षिण कोरियानं बंद पडलेल्या कोळसा खाणींच्या भागात स्थानिकांना प्रवेश असलेला देशातला एकमेव कॅसिनो २००० मध्ये उघडला. त्या गावात गहाणवटीच्या दुकानांची रांग लागली.

"ज्याचा पैसा तो उडवेल." कोर्टात हे टिकत नाही. जुगार म्हणजे घटनेनं संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्येच सांगितलंय. पण कोर्ट राहू दे, पतसंस्थेत चला. कर्जाला दोन जामीनदार लागतात. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे एक गृहस्थ (नाव-गाव सांगत नाही) शेजाऱ्याला जामीन राहिले होते. शेजारी मोबाइलवर रमी खेळायचा. तो हरला, गाव सोडून गेला. आम्ही सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढला आणि या माणसाच्या पगारातून कपात सुरू झाली. त्यांनी आयुष्यात पत्ता हातात धरला नव्हता. तीन वर्षं दर महिन्याला पैसे कापले गेले. पैसा ज्याचा होता त्यानं उडवला नाही, उडवणारा वेगळाच होता. ऑनलाइन पैशाच्या खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं बंदी घातली, तेव्हा लोक वर्षाला सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात असा सरकारी अंदाज होता. त्यातले जामीनदारांचे किती, हे कुणी मोजत नाही.

राहिली परंपरा. कौटिल्यानं द्यूताध्यक्ष नेमला, जिंकलेल्या रकमेतले शेकडा ५ राजाला दिले, हे बरोबर. पण खेळ एकाच जागी ठेवण्याचं कारणही त्यानं दिलंय: लपून धंदे करणारे तिथं आयते सापडावेत म्हणून. आणि धर्मराज खेळले, तर पुढं काय झालं ते मेसेज लिहिणाऱ्यानं आईला विचारावं.

त्याहून जुनं हवं असेल तर ऋग्वेदातलं अक्षसूक्त आहे, दहाव्या मंडलात. फासे खेळू नकोस, शेती कर, असं त्यात सांगितलंय. त्यातच जुगाऱ्याची सासू त्याचा द्वेष करते, बायको दाराशी अडवते, आणि आई-बाप-भाऊ म्हणतात, आम्ही याला ओळखत नाही, बांधून घेऊन जा. मी हे निवृत्तीनंतर वाचलं. त्याआधी करवीर तालुक्यातल्या एका उंबऱ्यावर जवळपास याच शब्दांत ऐकलं होतं. म्हातारबाबा म्हणाले, "त्याचा आमचा काय संबंध न्हाई सायेब, सापडला तर खुशाल न्या." मी नोटीस परत पिशवीत घालायला लागलो. त्यांनी हात पुढं केला, चष्मा शोधून आणला आणि नोटीस सही करून घेतली. मग रक्कम दोनदा वाचायला लावली.